सीलच्या खड्ड्यावर बसलेली सुंदराबाई

अकोल्याच्या एमआयडीसीत बिडाचं ओतकाम करणारा एक कारखाना आहे. पंपांची खोकी, गटारांची झाकणं, पाइपांचे जोड असं काय काय तिथे ओतलं जातं. त्याच्या मागच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, सुंदराबाई तायडे कित्येक वर्षांपासून कोळसा चाळते. ट्रक रिकामा झाला की बाया मोठी चाळणी तिरपी उभी करतात आणि फावड्याने कोळसा तिच्यावर मारत राहतात. भुकटी खाली गळते, मुठीएवढी ढेकळं घरंगळत पुढे येतात. दुपारपर्यंत बायांचे फक्त डोळे आणि दात ओळखू येतात.

आवारात दोन ढीग असतात. एक वणीकडून येणाऱ्या दगडी कोळशाचा. काळाभोर, जड, हात लावला की हात काळा. दुसरा कोकचा. कोक म्हणजे कोळसाच, पण बंद भट्टीत भाजून त्यातला धूर, डांबर, गॅस सगळं काढून घेतलेला. रंगाने राखाडी, अंगाला भोकंच भोकं, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर पितळी भांड्यासारखे वाजणारे. कोक लोखंडाच्या थरांमध्ये थर देऊन लोखंड वितळवायच्या कुपोला भट्टीत जातो. तो धूर न करता जळतो आणि डोक्यावरचं लोखंडाचं ओझं पेलून धरतो. तिथे कच्चा कोळसा घातला तर त्याचा चुरा होऊन भट्टीच बसेल.

सुंदराबाईला कोकचं काही वाटत नसे. तिला भीती होती ती दगडी कोळशाची, आणि तो जिथे जायचा त्या गॅस प्लांटची.

तसं पाहिलं तर सुंदराबाई कशालाही भ्यायची. उन्हाळ्यात कोळशाचा ढीग आतल्या आत तापतो, कधी कधी आपोआप धुमसायला लागतो. रोज सकाळी आल्याबरोबर ती ढिगाच्या अंगाला तळहात लावून पाहायची आणि जरा गरम लागला की आरडाओरडा करायची. बाया हसायच्या. "हे सुंदरा तं कोळशालेबी ताप आला का पाह्यते," म्हणायच्या. घरी सिलिंडर बदलायचा असला की ती लेकाला बोलवायची आणि स्वतः अंगणात जाऊन उभी राहायची. आणि विहीर दिसली की रस्ता बदलायची. शेतातली असो, देवळामागची असो, जाळी लावलेली असो, सुंदराबाई कधी विहिरीच्या काठावर गेली नाही.

त्याला कारण होतं. तिचं माहेर मूर्तिजापूरच्या पुढचं, शकुंतला रेल्वेच्या रुळाजवळचं. ती लहान असताना एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी फार खाली गेलं, तेव्हा बापाने डिझेलचं इंजिन दोराने उतरवून विहिरीतल्या टप्प्यावर बसवलं. दोन दिवस ते नीट चाललं. तिसऱ्या दिवशी पाणी यायचं थांबलं म्हणून बाप पाहायला खाली उतरला आणि वर आला नाही. काकाने वरून हाका मारल्या, बाप उत्तर देईना, म्हणून काका उतरला. तोही आला नाही. सुंदरा भाकरीचं फडकं घेऊन काठावर उभी होती. तिने खाली पाहिलं तेव्हा दोघं टप्प्यावर बसल्यासारखे दिसत होते. काका बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून होता. दोघांना वर काढून खाटेवर ठेवलं तेव्हा बापाचे गाल लालसर होते, आता उठून पाणी मागतो की काय असे. गावात कोणी म्हटलं विहिरीत काही होतं, कोणी म्हटलं काकाला धक्का बसला. खरं काय झालं ते कोणी सांगितलं नाही.

पुढे तिचं लग्न झालं, ती अकोल्याला आली, शिवणीच्या वस्तीत राहिली. नवरा देवमन काविळीने लवकर गेला. एकुलता लेक अश्विन आयटीआय करून त्याच कारखान्यात लागला आणि त्याला नेमकी गॅस प्लांटची पाळी मिळाली. आईला वाटलं, चला, सावलीतलं काम आहे, कोळशात हात घालायचे नाहीत. लेक दुपारी तिच्याजवळ येऊन डबा खायचा आणि गॅस प्लांटच्या गोष्टी मोठ्या अभिमानाने सांगायचा.

त्याच्यासोबत पाळीला विपुल असायचा. विपुल म्हणजे शेजारच्या पार्बताबाईचा मुलगा. दोघं एकाच अंगणात रांगले होते. पार्बताबाई आणि सुंदराबाई एकाच नळावर पाणी भरायच्या, कोणाच्या घरी काय शिजलं हे दोघींना वासावरून कळायचं.

प्लांटच्या इंजिनिअर होत्या दामिनी मॅडम, मोर्शीकडच्या संत्रेवाल्यांच्या घरातल्या. बायांशी नीट बोलायच्या, म्हणून सुंदराबाईने एकदा धीर केला.

"मॅडम, एक इचारू का? रागावसान नाई ना?"

"विचारा की, मावशी."

"विहिरीत इंजिन लावलं आन् माणूस उतरला, तं थो मरते कावून?"

दामिनी मॅडम तिच्याजवळ कोळशाच्या पाटीवर टेकल्या. म्हणाल्या, "जळायला पुरेशी हवा मिळाली नाही, तर कोळसा असो की डिझेल, ते अर्धवट जळतं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासातून आत गेला की रक्तात हवेची जागा धरून बसतो. माणसाला कळत नाही. आधी पाय लुळे पडतात, मग शुद्ध जाते."

 बाप गेल्याला इतकी वर्षं झाली, आणि त्याला मारणाऱ्याचं नाव सुंदराबाईला आज कळलं होतं. मग तिने गॅस प्लांटकडे बोट केलं. "आन् तिथं काय बनवता तुमी?"

 खोटं बोलणं मॅडमना जमलं नसावं. "तोच, मावशी. त्या उंच ड्रममध्ये कोळसा पेटवून मुद्दाम हवा कमी देतो, हवेसोबत वाफ सोडतो. मग मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचा गॅस तयार होतो. पाइपाने तो पलीकडच्या भट्टीत नेऊन पूर्ण जाळायचा. नुसत्या कोळशाची आच कमीजास्त होते, गॅसची एकसारखी लागते, म्हणून."

"घरच्या सिलिंडरले वास येते."

"तो मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. इथे तसं नाही. इथे डांबराचा वास असतो, पण तो नेहमीचाच. त्यावरून गळती कळत नाही. म्हणून तर मीटर आहेत."

त्या दिवशी सुंदराबाईने डबा उघडलाच नाही. ज्याने बापाला आणि काकाला नेलं, तेच इथे पाइपातून वाहत होतं आणि तिचा लेक त्याच्या चाव्या फिरवत होता. घरी जाऊन तिने अश्विनला विनवलं, "बावा, दुसरं काम माग. मोल्डिंगले जा, पॅकिंगले जा."

"माय, तू बम भेतं. तिथं सारं बंद हाय. पाइपात हाय थो, बाहेर नाई येत."

तेव्हापासून तिची चाळणी तिने हळूहळू सरकवत सरकवत अशा जागी आणली, की फावडं मारता मारता मान वळवली तर गॅस प्लांट दिसावा. लेक जिन्यावर दिसला की तिचा श्वास सुटायचा. दिसला नाही की हात चालायचा नाही. गॅस पाइपाच्या खालच्या वळणाला पाण्याचं सील होतं. पाइपाचं टोक पाण्यात बुडवलेलं, म्हणजे गॅस बाहेर येणार नाही. त्या सीलचं जास्तीचं, डांबर मिसळलेलं पाणी बाजूच्या खड्ड्यात पडायचं. खड्डा दीड पुरुष खोल, वर लोखंडी झाकण, आत उतरायला भिंतीत रोवलेल्या सळया. ते झाकण पाहिलं की सुंदराबाई लांबून वळसा घालायची. तिच्या लेखी ती विहीरच होती.

एप्रिलच्या एका दुपारी ते झाकण उघडं दिसलं.

खड्ड्यात येणारी नळी डांबराने तुंबली होती आणि सीलमधलं पाणी वर चढत होतं. मॅडम पुढच्या ऑफिसात होत्या. उतरण्याआधी मीटर लावायचा, परवानगी घ्यायची, असा नियम होता. पण काम मिनिटाचं, आणि पूर्वी कितीदा तसंच केलेलं. विपुल लोखंडी सळई घेऊन खाली उतरला. अश्विन वर, चाव्यांपाशी.

सुंदराबाईने विपुलचं डोकं खाली जाताना पाहिलं आणि तिचं फावडं हातातच राहिलं. "वर ये रे!" ती ओरडली. कुपोलाच्या पंख्याच्या घरघरीत कोणाला ऐकू गेलं नाही. ती फावडं टाकून निघाली, पाय कोळशात रुतत होते. खालून सळई ठोकल्याचा आवाज येत होता. मग एकदम धबधब्यासारखा आवाज झाला. नळीतला बोळा निघाला होता. पाणी जोरात खड्ड्यात कोसळलं, त्याच्यासोबत सीलमधलं पाणीही ओढून आलं, आणि पाण्याच्या मागोमाग, कोणाला न दिसता, गॅस आला.

ठोकणं थांबलं.

सुंदराबाई काठाशी पोचली. तिने आत पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने असं खाली पाहिलं. विपुल तळाच्या गाळात बसला होता, पाठ भिंतीला, मान एका बाजूला पडलेली. अगदी दमून टेकावं तसा.

जिन्यावरून अश्विन धावत आला. "काय झालं? विपुल! ए विपुल!" त्याने वाकून पाहिलं आणि लगेच पहिल्या सळईवर पाय टाकायला गेला.

सुंदराबाई खड्ड्याच्या तोंडावर बसली. पाठ खड्ड्याकडे, तोंड लेकाकडे, आणि दोन्ही हातांनी तिने त्याच्या पायांना मिठी घातली.

"माय, सोड!"

"नाई जायाचं."

"थो मरून राह्यला, माय! दिसत नाई का तुले? सोड मले!"

"जाऊ नको, बावा, तूबी नाई येणार वर. थो गॅस हाय. मॅडमले बोलाव!"

अश्विनने तिची बोटं उकलायचा प्रयत्न केला. कोळसा वाहून वाहून घट्ट झालेली ती बोटं सुटेनात. त्याने तिला ढकललं, तिचं डोकं झाकणाच्या कडेला लागलं, तरी मिठी सुटली नाही. आतापर्यंत मोल्डिंगकडची माणसं जमली होती. म्हातारे फोरमन खुशालराव रुमाल ओला करून तोंडाला बांधू लागले. "मी उतरतो, दोरी धरा."

"कोनीच नाई उतरायचं!" सुंदराबाई किंचाळली. "रुमालानं काई होत नाई! माह्या बापामागं काका उतरला होता!"

"विपुल तिथं मरून राह्यला आन् तू इथं बसून राह्यली!" अश्विनचा आवाज फाटला. तो रडत होता. "पार्बता मावशीले काय सांगू मी?"

आणि सुंदराबाईच्या तोंडून निघून गेलं, "मरू दे त्याले! तू नाई जायाचं!"

सगळ्यांनी ऐकलं.  तिच्या पाठीमागून खड्ड्यातली हवा वर येत होती आणि तिचं डोकं जड होत चाललं होतं, डोळ्यांपुढे पिवळे ठिपके नाचत होते. तिला वाटलं आपण आता मागे पडणार, विपुलच्या अंगावर. तरी तिने लेकाचे पाय सोडले नाहीत.

दामिनी मॅडम ऑफिसातून धावत आल्या तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. त्यांनी एका नजरेत पाहिलं. "कोणी उतरलं नाही ना? कोणीही उतरू नका! बिडी, वेल्डिंग, ग्राइंडर सगळं बंद, गॅस पेट घेईल! ब्लोअर बंद करा. अश्विन, मेन व्हॉल्व्ह! अश्विन! व्हॉल्व्ह तुलाच माहीत आहे, पळ!"

अश्विनच्या पायांची दिशा बदलली हे कळल्यावर सुंदराबाईने हात सोडले. बायांनी तिला बखोटीला धरून लांब ओढलं. मॅडमनी कॉम्प्रेसरची नळी आणवून खड्ड्याच्या तळापर्यंत सोडली आणि ताजी हवा आत भरायला लावली. कोणी ऑफिसातून पाठीवर टाकायचा हवेचा सिलिंडर आणि तोंडावरचा मुखवटा आणला. तो लावायचं शिक्षण खुशालरावांनी घेतलं होतं. मॅडमनी पट्टे स्वतः तपासले, कमरेला दोरी बांधली, मग त्यांना उतरू दिलं. खुशालरावांनी विपुलच्या बगलेखालून दुसरी दोरी घातली आणि वरच्यांनी ओढलं.

विपुलला कोळशाच्या पोत्यांवर आडवं केलं. त्याचे गाल लालसर होते. सुंदराबाईने ते लांबून पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. तिला वाटलं, संपलं. मॅडम गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबत होत्या, मधूनच तोंडाने श्वास देत होत्या, घामाचे थेंब त्याच्या अंगावर पडत होते. मग विपुलच्या घशातून खर्रकन आवाज आला.

त्याला दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. सुंदराबाईलाही उलट्या सुरू झाल्या होत्या, तिलाही तिथेच एका खाटेवर ठेवलं. पार्बताबाई धावत आली. मुलाच्या खाटेकडे जाताना तिने सुंदराबाईकडे पाहिलंही नाही. वस्तीत बातमी सुंदराबाईच्या आधी पोचली होती, त्या एका वाक्यासकट.

विपुल वाचला. पण शुद्धीवर आल्यावर तो पहिल्यासारखा नव्हता. चालताना अडखळायचा, बोलता बोलता शब्द विसरायचा. पाण्याच्या गडगीला काय म्हणतात ते त्याला आठवेना, "थे... थे..." करत बोट दाखवायचा. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा कमी पडली, सुधारेल, पण वेळ लागेल. आणखी थोडा वेळ आत राहिला असता तर काही सांगता आलं नसतं, हेही म्हणाले.

वस्तीत दोन्हीकडून बोललं जायचं. कोणी म्हणे, सुंदराबाईने अडवलं म्हणून आज अश्विन आहे, नाहीतर खुशालरावसुद्धा गेले असते. कोणी म्हणे, आधीच उतरून दोरी बांधली असती तर पोरगा धडधाकट असता. सुंदराबाई दोन्ही ऐकायची आणि दोन्हींवर विश्वास ठेवायची. नळावर ती पार्बताबाई भरून गेल्यावरच जायची. पार्बताबाईची पावलं दाराबाहेरून गेली की तिचे हात थांबायचे. तिला सगळ्यांत जास्त भय वाटे ते याचं, की एखाद्या दिवशी पार्बताबाई दारात उभी राहील आणि विचारेल.

अश्विन घरात बोलत नव्हता. जेवायचा, झोपायचा, विपुलकडे जाऊन बसायचा, त्याला शब्द आठवून द्यायचा. आईच्या कपाळावर झाकणाची खोक पडली होती, तिच्यावर त्याने एकदा न बोलता हळद लावली, एवढंच.

पावसाळा संपता संपता पार्बताबाई आली. दारात उभी राहिली नाही, सरळ आत येऊन बसली. सुंदराबाई भाजी निवडत होती, तिच्या हातातली मेथी तशीच राहिली.

"तू म्हनलं, मरू दे त्याले," पार्बताबाई म्हणाली. "म्हनलं का नाई?"

अश्विन आतल्या खोलीत होता. सुंदराबाईला ठाऊक होतं की तो ऐकतोय. तिला खोटं सुचलं होतं. गॅस डोक्यात गेला होता, काय बोलले आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. डॉक्टरांनीही तसं लिहून दिलं असतं.

"म्हनलं," ती म्हणाली.

"कावून?"

"भेली मी. तवा मले विपुल दिसतच नोता, पार्बता. अश्विनच दिसत होता. त्याले खालती बसलेला पाह्यला मी, विपुलच्या खांद्यावर डोकं ठेवून. माह्या बापाचं आन् काकाचं तसंच झालं होतं. विपुलचा इचार मी केलाच नाई. खोटं नाई सांगत."

पार्बताबाई रडली. आवाज न करता, पदर डोळ्यांना न लावता. सुंदराबाई हलली नाही. तिला वाटत होतं ही आता शिव्या देईल, मारेल, आणि तिने मारलं तर बरं होईल.

बऱ्याच वेळाने पार्बताबाईने तिच्या पुढ्यातली मेथीची जुडी आपल्याकडे ओढली आणि निवडायला लागली. "माफ नाई केलं मी तुले," ती म्हणाली. "पन उद्या विपुलले दवाखान्यात न्यायचं हाय. थो माह्या एकटीच्यानं ऑटोत चढत नाई. अश्विनले पाठवशीन?"

आतून अश्विन बाहेर आला. "मी येतो, मावशी," म्हणाला. मग आईकडे न पाहता, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "मायबी येते."

गॅस प्लांट पुन्हा सुरू झाला. आता खड्ड्याच्या झाकणाला कुलूप आहे, किल्ली मॅडमकडे, आणि भिंतीवर गॅस ओळखणारा भोंगा बसवला आहे. विपुल पॅकिंगला बसतो, हळूहळू बोलतो, जोडांना खोक्यात भरतो. अश्विनने मात्र गॅस प्लांट सोडला नाही. म्हणतो, आता मला माहीत आहे, नवीन माणसाला माहीत नसेल. सुंदराबाईने पुष्कळ विनवलं, रडून पाहिलं. त्याने ऐकलं नाही.

दर सोमवारी सकाळी भोंगा तपासतात. तो वाजला की चाळणीवरच्या बाया कानावर हात ठेवून हसतात. सुंदराबाईचं फावडं जिथल्या तिथे थांबतं, आणि जिन्यावर अश्विन दिसेपर्यंत ती मान तिकडून वळवत नाही.